नदीकाठची पट्टी

बोर्निओतल्या किनाबातांगान नदीवर फिरायला आलेला माणूस सहसा निराश होऊन परतत नाही. दुपारी चारच्या सुमाराला होडी निघते आणि अंधार पडायच्या आत लांब नाकाची माकडं, तीन-चार जातींचे धनेश, गाळात पसरलेली एखादी मगर एवढं तर पदरात पडतंच. ओरांगउटानही बरेचदा दिसतो. हत्तींचा कळप काठावर उतरला असेल तर बातमी फोनवरून पसरते आणि बघता बघता तिथे होड्यांची रांग लागते. ताडोब्याच्या गेटवर पहाटे कुडकुडत उभं राहायचं, सफारीवर सफारी करायची आणि शेवटी 'काल संध्याकाळी इथेच बसली होती, पाण्यात' हे ऐकून घरी यायचं, अशी सवय असलेल्या मला ही चैनच वाटली.

वाटली, पण पचली नाही. माझी सगळी नोकरी कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवण्यात गेली. विषुववृत्ताजवळच्या वर्षावनात प्राणी दिसणं किती दुरापास्त असतं हे मी पोरांना कैक वेळा सांगितलंय. झाडं पन्नास-साठ मीटर उंच, सगळा कारभार वरच्या मजल्यावर, खाली अंधार आणि जळवा. दिवसभर चालून एखादी शेपटी दिसली तर दिसली. मग इथे काठाकाठाने प्राणी मांडून ठेवल्यासारखे का? लांब नाकाच्या माकडांचं समजू शकते, ती मुळातच नदीकाठच्या झाडांवर झोपायला येतात. पण बाकीचे? होडी चालवणाऱ्या पाकचिकना, म्हणजे काकांना, विचारलं. ते म्हणाले, "मागे जागा नाही. म्हणून पुढे येतात." आणि इंजिन बंद करून त्यांनी धनेशाकडे बोट दाखवलं.

मी तिथे होते तोवर या एका वाक्याचीच फोड करत होते म्हणा ना.

सबा हे मलेशियाचं बोर्निओ बेटावरचं राज्य. किनाबातांगान ही तिथली सगळ्यात मोठी नदी, ५६० किलोमीटर लांब, पूर्वेला सुलू समुद्राला मिळते. सांडाकानच्या विमानतळावर उतरताना खिडकीतून खाली सगळं हिरवंगार दिसतं आणि कोकणात जन्मलेल्या बाईला ते बघून बरं वाटतं. विमान खाली येतं तशा त्या हिरव्यात रेघा उमटायला लागतात. मग कळतं की हे सगळं एकच झाड आहे. आफ्रिकेतून आणलेला तेलताड, त्रिकोणी आखणीत नऊ-नऊ मीटरवर लावलेला, नजर पोचेल तिथपर्यंत. सांडाकानहून बाटू पुतेह गावाला मोटारीने दोनेक तास लागतात. त्या सबंध रस्त्याला घडांनी भरलेले ट्रक, तेलाचे टँकर, गिरणीची धुराडी आणि ताड. सबात तेलताडाखाली सुमारे १५ लाख हेक्टर जमीन आहे. आपल्या हिशेबात सांगायचं तर लोणावळ्यापासून इंदापूरपर्यंत आख्खा पुणे जिल्हा एकाच झाडाने भरलेला.

आणि जंगल? नदीच्या खालच्या टप्प्यातलं अभयारण्य २००५ साली जाहीर झालं. क्षेत्र २६ हजार हेक्टरच्या आसपास, तेही दहा तुकड्यांत. वर काही राखीव वनं आहेत. पण काही ठिकाणी ही पट्टी इतकी अरुंद आहे की होडीत बसल्या बसल्या झाडांच्या फटींतून पलीकडचे ताड दिसतात. १९९८च्या तिथल्या पाण्याच्या कायद्याप्रमाणे नदीकाठचा वीस मीटर पट्टा मोकळा ठेवायला हवा. कागदावर ठेवलेला आहे. प्रत्यक्षात काही बागा थेट पाण्याला भिडलेल्या मी पाहिल्या, आणि वीस मीटर पाळले तरी त्यात हत्तींनी करायचं काय हा प्रश्न राहतोच.

म्हणजे गंमत अशी, की पट्टी जसजशी अरुंद होत जाते तसतसं दिसणं वाढत जातं. पर्यटक खूश होऊन पाचपैकी पाच तारे देतात. 'हमखास हत्ती' अशी पाटी लावणाऱ्या रिसॉर्टवाल्याला त्यात खोटं काहीच बोलावं लागत नाही. जंगलाची तब्येत जितकी बिघडलेली तितकं दर्शन सोपं, हे निसर्गपर्यटनाच्या कुठल्याच माहितीपत्रकात लिहिलेलं नसतं. तिथून आल्यापासून कुठल्याही अभयारण्याबद्दल कोणी 'काय सायटिंग आहे हो तिथे!' म्हटलं की मला आधी नकाशा बघावासा वाटतो.

आता मी तिथे कशी पोचले ते सांगते. मुलगी सिंगापूरला असते. तिच्याकडे राहायला जायचं आणि बिल्डिंगखालच्या बागेत फेऱ्या मारायच्या, हे मला फार दिवस जमण्यातलं नव्हतं. तिनेच शोधून दिलं: बाटू पुतेहच्या गावकऱ्यांची एक सहकारी संस्था आहे, कोपेल नावाची. लोक त्यांच्या घरात राहतात, नदीकाठी झाडं लावतात, तळ्यातलं तण काढतात. स्वयंसेवक म्हणायचं, पण राहण्याजेवणाचे आणि रोपांचे पैसे आपणच द्यायचे. आईला गुहागरला फोन करून हे सांगितलं तर पलीकडे बराच वेळ शांतता. मग म्हणाली, "पैसे देऊन दुसऱ्याच्या रानात बेणायला चाललीस? इथे आपल्या कलमांखाली गवत कमरेएवढं झालंय."

तिचं म्हणणं अगदीच चुकीचं नव्हतं. तिथलं खरं काम बेणणीचंच निघालं.

१९९७-९८च्या एल निनोच्या दुष्काळात या भागातल्या जंगलाला आगी लागल्या. लाकूडतोडीने आधीच विरळ झालेलं रान, त्यामुळे ते भराभर पेटलं. त्यानंतर गावातल्या लोकांनी रोपं लावायला सुरुवात केली, आणि ते काम अजून चालू आहे. रोपवाटिका गावातच आहे. पहिल्याच दिवशी तिथे 'लारान' अशी पाटी असलेल्या रांगेपाशी मी थबकले. मोठं रुंद पान, समोरासमोर, आणि दोन देठांच्या मधोमध टोकदार उपपर्ण. हे पान मी ओळखलं नसतं तर माझी पेन्शन परत घ्यायला हवी होती. हा तर कदंब! यमुनेकाठचा, कृष्णाचा. शास्त्रीय नावातही कदंबच आहे. पाणथळ जागेत तो झपाट्याने वाढतो, म्हणून पुराच्या काठावर पहिला मान त्याचा. मी उत्साहाने रोपवाटिकेतल्या बायकांना कृष्णाची गोष्ट सांगायला लागले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतली. मग एकीने विचारलं, शाहरुख खान माझ्या गावापासून किती लांब राहतो?

रोप लावणं हा त्या कामातला सगळ्यात सोपा आणि सगळ्यात कमी महत्त्वाचा भाग. खड्डा, रोप, माती, फोटो. पाच मिनिटांत होतं आणि प्रत्येकाला तेवढंच करायचं असतं. खरी लढाई पुढची दोन-तीन वर्षं चालते. गवत माणसाच्या उंचीचं होतं. वेली रोपावर चढून त्याला खाली ओढतात. माकडं उगाच गंमत म्हणून रोपं उपटतात. हत्ती त्यावरून चालत जातो, त्यात त्याचा काही दोष नाही, रस्ता त्याचाच आहे. आणि ईशान्य मोसमीत नदी चढली की रोपं कित्येक दिवस पाण्याखाली राहतात. गाळात बुडालेल्या ओळीतून कोयता घेऊन आपण लावलेलं रोप शोधायचं, त्याच्या भोवतीचं गवत कापायचं, वेल सोडवायची, पुढच्याकडे जायचं. यात फोटो काढण्यासारखं काही नसतं. घामाने चष्मा घसरत असतो आणि मोज्यात जळू शिरलेली असते. माझ्याबरोबरची युरोपातली मुलंमुली विशी-पंचविशीची, उत्साही, कष्टाला मागे न हटणारी. पण एक आठवडा राहून जाणाऱ्याच्या वाट्याला लागवड यावी आणि बेणणी गावातल्या मजुरावर पडावी, अशीच या सगळ्या प्रकाराची रचना असते. पाहुण्याला लागवडीचं समाधान विकता येतं. बेणणीचं गिऱ्हाईक कुठून आणणार? कोपेलचं मला कौतुक वाटतं ते इथे: ते पाहुण्यांनाही कोयता हातात देतात, आणि पाहुण्यांच्या पैशांतून गावातल्या बायकांच्या तुकड्यांना वर्षभर रोजगार देतात.

दुसरं काम तुंगोग तळ्यावरचं. नदीने वळण सोडून दिलं की मागे जे नालाकृती सरोवर राहतं, भूगोलाच्या पुस्तकात असतं तसं, तसलं हे तळं. भोवती खरं उंच जंगल, पाणी काळसर, आणि त्यावर तरंगणारं साल्विनिया. हे एक नेचं आहे, मूळ ब्राझीलचं. आपल्याकडची उजनीतली किंवा पवनेतली जलपर्णी आठवा, तिची ही दूरची सुद्धा नातलग नाही, पण धंदा तोच. अनुकूल हवेत आठवड्याभरात दुप्पट होतं. थरावर थर चढतात, खाली उजेड जात नाही, पाण्यातला प्राणवायू संपतो आणि मासे मरतात. एक काळ असा होता की तुंगोगचं पाणीच दिसेनासं झालं होतं. गावकऱ्यांनी ते हातांनी काढलं, वर्षानुवर्षं. अजूनही काढतात, कारण एखादा तुकडा राहिला तरी पुन्हा सुरुवात होते. आम्ही होडीच्या कडेवर ओणवं होऊन ते ओढायचो आणि काठावर ढीग लावायचो. हातात घेतलं की सुंदर दिसतं. पानाच्या वरच्या अंगाला बारीक केस असतात आणि प्रत्येक केसाची चार टोकं शेंड्याला पुन्हा जुळलेली, अंडं घोटायच्या फेटणीसारखी. त्यात हवा अडकते, म्हणून पान बुडत नाही. भिंगातून ते बघत बसले तर बरोबरची जर्मन मुलगी म्हणाली, "शत्रूच्या प्रेमात पडू नका."

या नेच्याला जगभर पोचवण्यात आमच्या विषयाच्या लोकांचा हात आहे. श्रीलंकेत ते १९३९ साली कोलंबोच्या विद्यापीठातल्या वनस्पतिशास्त्र विभागाने अभ्यासासाठी आणलं. पुढे भातखाचरं आणि कालवे भरून गेले. यावर उतारा सापडला तो एका सोंडकिड्यात. तांदळात सोंडे होतात त्यांचाच भाऊबंद, दोन-तीन मिलिमीटरचा. तोही ब्राझीलचा, आणि साल्विनियाशिवाय दुसरं काही खात नाही. १९८० साली ऑस्ट्रेलियात क्वीन्सलंडमधल्या मूंडारा जलाशयात तो सोडला आणि वर्षभरात तिथलं हजारो टन तण बुडालं. पापुआ न्यू गिनीतली सेपिक नदी त्याने मोकळी केली. केरळातही त्याने मोठं काम केलं.

आणि आता दुसरा सोंडकिडा. हा मला तिथे जाईपर्यंत नीट ठाऊक नव्हता. तेलताडाचं पीक मलेशियात १९१७पासून आहे, पण फळधारणा नीट होत नसे. वारा परागकण नेतो असं सगळे धरून चालले होते, आणि वारा ते काम करत नव्हता. म्हणून बागांमधून माणसं लावून, विशेषतः बायकांना लावून, एकेका फुलोऱ्यावर हाताने पराग फवारावा लागे. आफ्रिकेत हे कोणी करत नव्हतं आणि तिथे फळ भरपूर लागायचं. सय्यद नावाच्या पाकिस्तानी कीटकशास्त्रज्ञाने कॅमेरूनमध्ये जाऊन शोध लावला की हे काम वाऱ्याचं नाही, नर फुलोऱ्यावर वाढणाऱ्या एका बारक्या सोंडकिड्याचं आहे. १९८१ साली तो किडा मलेशियात सोडण्यात आला. थोड्याच काळात तो देशभर पसरला, घड गच्च भरले, हाताने परागीभवन करणाऱ्या मजुरांची गरज संपली. तेलताड हे एकाएकी फार फायद्याचं पीक झालं. नेमक्या त्याच दशकात सबातलं दांडगं इमारती लाकूड संपत आलं होतं आणि कोकोचे भाव पडायला लागले होते.

जवळपास एकाच वेळी सोडलेले दोन किडे. एकाने नद्या मोकळ्या केल्या, दुसऱ्याने नदीकाठ भरून टाकला. दोन्ही प्रयोग जैविक शास्त्राचे उत्तम नमुने म्हणून शिकवावेत असे. मी पुन्हा वर्गात उभी राहिले तर दोन्ही एकाच तासाला शिकवीन आणि पुढे काही बोलणार नाही.

पाकचिकांचं आयुष्य या सगळ्या कहाणीतून आरपार गेलेलं. तिथे वडीलधाऱ्या बाईला मकचिक आणि पुरुषाला पाकचिक म्हणतात, मावशी-काकांसारखं. ज्यांच्या घरी मी राहत होते ते दोघं माझ्याहून फार मोठे नव्हते, पण सगळी मुलं म्हणत म्हणून मीही म्हणायला लागले. मकचिक मात्र मला 'कक' म्हणायच्या, म्हणजे ताई. हे ओरांग सुंगाई, नदीची माणसं. पाकचिक लहानपणी बापाबरोबर मासेमारी करायचे. तरुणपणी लाकूडतोडीच्या कंपूत गेले. जपानला जाणारे ओंडके नदीत लोटायचे, एकेक ओंडका माणसापेक्षा उंच. पुढे तोडण्यासारखं उरलं नाही तेव्हा एका मळ्यावर काही वर्षं काढली. लांब बांबूला बांधलेल्या विळ्याने वीस-वीस किलोचे घड खाली पाडायचे. आता ते पर्यटकांची होडी चालवतात. "आधी झाड पाडायचे पैसे मिळाले," ते सांगत होते, "आता झाड दाखवायचे मिळतात." पैसे त्यांना झाड पाडण्याचेच जास्त मिळायचे, हेही त्यांनी सांगून टाकलं.

आणि घरामागे त्यांचे स्वतःचे ताड होते. फार नाहीत, काही एकर. दर दहा-पंधरा दिवसांनी तोडणी. घड झाडावरून उतरला की चोवीस तासांत गिरणीत पोचायला हवा, नाहीतर तेलाची आम्लता वाढते आणि भाव पडतो. त्यामुळे तोडणीच्या दिवशी घरात लग्नघाई. त्या पैशांवर त्यांची धाकटी मुलगी सबाच्या राजधानीत, कोटा किनाबालूला शिकली. ओरांगउटान वाचवायच्या संस्थेचे सभासद आणि तेलताडाचे बागायतदार, एकाच घरात, एकाच माणसात. परदेशी मुलांना हे पचायला जड जायचं. मला नाही गेलं. ऊस लावून पाण्याच्या टंचाईवर भाषण करणारी माणसं आमच्या नात्यातच आहेत, आणि ती दोन्ही बाबतींत मनापासून असतात.

एका संध्याकाळी स्वयंपाकघरात मोठा वाद झाला. बरोबरची एक डच मुलगी पामतेल असलेली कुठलीच वस्तू विकत घेत नाही. फोनवर बारकोड तपासून बिस्किटं घेते. ती हे सगळं तावातावाने सांगत होती तेव्हा मकचिक केळी तळत होत्या. अनुदानाचं तेल तिथे एक किलोच्या प्लास्टिकच्या पिशवीत मिळतं, अडीच रिंगिटला. पिशवीचा कोपरा दातांनी फाडून त्यांनी कढई भरली होती. भजी बाहेर निघाली, कुरकुरीत, सोनेरी. मकचिकनी पहिली बशी त्या मुलीच्याच हातात ठेवली. तिने क्षणभर बशीकडे पाहिलं आणि खाल्ली. दोन वेळा मागून खाल्ली. मला ती त्या क्षणी फार आवडली.

पण तिचा प्रश्न उडवून लावण्यासारखा नव्हता आणि तिचं उत्तर मात्र तोकडं होतं. एक हेक्टर तेलताडातून वर्षाला साडेतीन-चार टन तेल निघतं. सोयाबीन किंवा भुईमुगाच्या हेक्टरातून अर्धा टनही मुश्किलीने. जगाने उद्या पामतेल सोडलं तर तितकंच तेल काढायला कितीतरी पट जमीन लागेल, आणि ती कुठल्या तरी दुसऱ्या देशाच्या रानातूनच येईल. झाड वाईट नाही. इतकं काटकसरीचं झाड चुकीच्या जागी, चुकीच्या प्रमाणात, पाण्याच्या काठापर्यंत रेटून लावलं हे वाईट.

शिवाय गिऱ्हाईक कोण? युरोप याबाबत बोलतो भरपूर, पण जगात सगळ्यात जास्त पामतेल आयात करणारा देश भारत आहे. वर्षाला साधारण ८० ते ९० लाख टन, मुख्यतः इंडोनेशिया आणि मलेशियातून. गाडीवरची भजी, फरसाण, बेकरीतली खारी, अंगाचा साबण, आइस्क्रीमच्या नावाने विकलं जाणारं फ्रोजन डेझर्ट. रेशनच्या रांगेत दिवाळीसाठी पामतेलाचा डबा धरून उभं राहिल्याचं आमच्या पिढीला आठवतं. थंडीत ते पांढरं होऊन गोठायचं आणि डबा उन्हात ठेवावा लागे. २०२२च्या दिवाळीला महाराष्ट्र सरकारने शंभर रुपयांत 'आनंदाचा शिधा' दिला: रवा, चणाडाळ, साखर आणि एक लिटर पामतेल. पुण्यात लाकडी घाण्याच्या करडईच्या तेलाला रांगा लागतात. मीही त्या रांगेत असते. पण त्या भावात घरभर माणसांचं तळण काढणं किती जणांना परवडेल? शिध्याच्या पिशवीसाठी उभ्या असलेल्या बाईला किनाबातांगानच्या हत्तींचा जाब विचारायचा आगाऊपणा माझ्याच्याने होणार नाही.

पाकचिकांना मात्र भारताची ओळख या बाजूने पक्की होती. जानेवारी २०२०मध्ये, काश्मीरबद्दल मलेशियाचे तेव्हाचे पंतप्रधान महाथीर यांनी केलेल्या विधानांवरून तणातणी झाल्यावर, भारताने शुद्ध पामतेलाच्या आयातीवर निर्बंध घातले. "तेव्हा घडाचा भाव पडला," ते म्हणाले. "तुमचा देश रागावला की आमच्या गिरणीत कळतं." ते तक्रार म्हणून सांगत नव्हते. पाऊस लांबल्याचं सांगावं तसं सांगत होते. मी त्यांना सांगितलं की आता आम्ही स्वतःच लावतोय. २०२१ साली केंद्राने तेलताडासाठी ११ हजार ४० कोटींची योजना काढली, आणि तिचा भर ईशान्येकडच्या राज्यांवर आणि अंदमानवर आहे. "तिथे काय आहे सध्या?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, बरंचसं जंगल. ते हसले, पण फार नाही.

हत्ती मला दिसले तोवर नुसतं बघण्याची हौस फिटली होती. बोर्निओचे हत्ती आपल्या हत्तींपेक्षा लहान, गोल चेहऱ्याचे, शेपटी जवळजवळ जमिनीला टेकणारी. सगळ्या बेटावर मिळून हजारभर उरले असतील. कळप पट्टीतून चालत आला आणि एका बागेच्या विजेच्या कुंपणापाशी थांबला. पुढे तार, डावीकडे गाव, उजवीकडे नदी. म्हातारी हत्तीण बराच वेळ सोंड वर करून उभी होती. मग ती पाण्यात उतरली आणि तिच्यामागे एकेक करून सगळे, पिलांना मधे घेऊन, पोहत पलीकडे गेले. आमच्या आणि इतर होड्यांतून कॅमेऱ्यांचा नुसता पाऊस पडत होता. त्यांनी पोहत जाणं हे देखणं होतं यात वाद नाही. पण पलीकडेही ताडच होते, हे होडीतल्या प्रत्येकाला दिसत होतं. २०१३च्या जानेवारीत सबातल्याच गुनुंग रारा जंगलात चौदा हत्ती मेलेले सापडले होते, विषबाधेचा संशय होता. मेलेल्या आईला सोंडेने हलवणाऱ्या पिलाचा फोटो तेव्हा आपल्याकडच्याही वर्तमानपत्रांत आला होता. सुमात्री गेंड्याची तर तिथे गोष्टच संपली. मलेशियातली शेवटची मादी, इमान, नोव्हेंबर २०१९मध्ये सबात गेली.

सगळंच हातचं गेलंय असंही नाही. खाली सुकाउ गावापाशी नदीवर पूल बांधायचा बेत होता, तो एप्रिल २०१७मध्ये सरकारने रद्द केला, कारण त्याचा रस्ता हत्तींच्या वाटेवरून जाणार होता. त्यासाठी निसर्गावरचे माहितीपट करणाऱ्या डेव्हिड अॅटनबरोंनीही आवाज उठवला होता. पलीकडच्या गावांना दवाखान्यात जायला मात्र तो पूल हवा होता, आणि त्यांना कोणी अॅटनबरो मिळाला नाही. ओढ्यांवर स्थानिक संस्थांनी दोरांचे झुलते पूल बांधलेत, ओरांगउटानसाठी. त्याला पोहता येत नाही आणि ओढ्यावर फांद्या जुळणारी मोठी झाडं उरलेली नाहीत. बरीच वर्षं कोणी वापरलं नाही म्हणून लोक हसले. २०१०मध्ये पहिला ओरांगउटान त्यावरून जाताना कॅमेऱ्यात सापडला.

आता मोठी संधी वेगळीच आहे, आणि तिच्याबद्दल पर्यटकांना कोणी सांगत नाही. तेलताडाचं उत्पन्नाचं आयुष्य साधारण पंचवीस वर्षांचं. मग तो इतका उंच होतो की विळा पोचत नाही आणि उत्पन्नही घटतं. बाग पाडून नव्याने लावावी लागते. नव्वदच्या दशकात नदीकाठी लावलेल्या बागा त्या वयाला आल्या आहेत. सखल भागातले कित्येक ताड दर पुरात बुडून मरतात किंवा नुसते उभे राहतात, त्यांच्यावर खर्च होतो आणि हाती काही येत नाही. अशा जागा नव्या लागवडीतून वगळल्या तर पट्टी रुंद होईल, आणि मालकाचं नुकसानही होणार नाही. हे सांगायला वनस्पतिशास्त्राची प्राध्यापिका लागत नाही, बागेचा हिशेबनीस पुरतो. तो कुठल्या कंपनीचा आहे आणि त्याला वरून काय सांगितलंय यावर हत्तींचं बरंचसं अवलंबून आहे.

निघायच्या आधी पाकचिकांनी मला त्यांचा तुकडा दाखवायला नेलं. ओढ्याकडच्या दोन ओळी त्यांनीही सोडून दिल्या होत्या. दर वर्षी रोपं लावायची आणि दर वर्षी पाण्याने न्यायची, याला कंटाळले होते. रिकाम्या जागेत गवत माजलं होतं आणि त्यातून आपोआप उगवलेले लारान माझ्या डोक्यावर गेले होते. मी पुन्हा एकदा कदंबाची थोरवी गायला सुरुवात केली. त्यांनी हात वर करून मला थांबवलं आणि विचारलं, याच्या लाकडाला भारतात काय भाव मिळतो? मी म्हटलं, काडेपेट्यांना आणि प्लायवूडला जातं, फार नाही मिळत. त्यांनी बुंध्याला विळ्याच्या मुठीने टकटक केलं, थोडा विचार केला. "मग राहू दे," म्हणाले, "हत्तींना खायला होईल," आणि ट्रक यायची वेळ झाली म्हणून भराभर घराकडे निघाले.